बाह्या सरसावा, परात आलीच!

मोबाइल इथेच ठेवा. जिथे निघालोय तिथे त्याला ना टॉवर मिळणार, ना चार्जर. शिवाय तुमचे दोन्ही हात मोकळे लागणार आहेत. स्वेटर मात्र चढवा. कानटोपी असेल तर उत्तम. आता डोळे मिटा, एक खोल श्वास घ्या... आणि पहिल्याच श्वासाला नाकात रॉकेल!

आलो आपण. भोपाळ, पिपलानी, हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत. 1968 सालच्या डिसेंबरातली 22 तारीख, रविवार, सकाळचे सात. समोर एकाच साच्यातल्या क्वार्टरांची रांग. प्रत्येकीपुढे हातभर बाग आणि बागेत डालड्याच्या पिवळ्या डब्यांत लावलेली शेवंती. दूधवाला सायकल रेटत येतोय, तोंडातून वाफा टाकत. थंडी अशी की कडी वाजवायला हात खिशातून बाहेर काढवत नाही. काढा. वाजवा.

"कोण? ये, ये. सलाम!"

नऊवारीवर मुलाचा जुना स्वेटर घातलेल्या आजी दारात उभ्या आहेत. नगरकडचं मराठी ख्रिस्ती घर आहे हे, तेव्हा सलामाला सलाम करा आणि वहाणा बाहेर काढा. मुलगा कारखान्यात आहे, ट्रान्सफॉर्मर बनतात त्या विभागात. म्हणून आजी नगर सोडून इथे, आणि येताना पोळपाट, पुरणयंत्र आणि 'उपासना संगीत' एवढं न विसरता घेऊन आलेल्या. तुम्ही कोण, कुठले, असं त्या काही विचारणार नाहीत. नाताळ तीन दिवसांवर आलाय आणि घरात दोन हात वाढलेत, एवढी माहिती त्यांना पुरते.

"बस इथं. हात पुढे कर. असे. आता हलू नकोस."

तुम्ही मुकाट बसता आणि लोकरीची लड तुमच्या दोन्ही मनगटांत अडकते. मरून रंगाची, कोमट, किंचित ओलसर. धाकट्या नातवाला आखूड झालेला स्वेटर दोन दिवसांपूर्वी उसवला, लोकर धुऊन वाळवली, आणि आत्ता उकळत्या किटलीच्या तोटीवर धरून तिचे कुरळे पीळ सरळ केलेत. आजी समोर बसून गुंडा करू लागतात. तुम्ही हात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलते करायचे, धागा सुटेल तसे. दुसऱ्याच मिनिटाला नाक खाजायला लागतं. लागू द्या. हात सोडलात तर गुंता, आणि गुंता झाला तर तो सोडवायला पुन्हा तुम्हीच.

या लोकरीची टोपी होणार आहे, भिंतीपलीकडच्या मल्याळी घरातल्या तान्ह्या बाळासाठी. बाजारात टोप्या नाहीत असं नाही. पण महिना सरत आलाय आणि पगाराची तारीख अजून लांब आहे. आजीच्या सुया दुपारपर्यंत सुलट-उलट, सुलट-उलट चालतील, आणि बुधवारी ती टोपी एका टकल्या डोक्यावर बसेल. पैसे नाहीत म्हणून हाताने करायचं, आणि हाताने केलं म्हणून ते कोणी टाकून देत नाही. या वसाहतीतलं भेटवस्तूंचं अर्थशास्त्र एवढंच.

लड संपेपर्यंत घरभर नजर फिरवा. इथे प्रत्येक जण काहीतरी लपवतोय. कोपऱ्यात आजींची नात, ताई, बसलीय, आजी उठल्या की पटकन मांडीवर ओढणी टाकते. ओढणीखाली आहे भोपाळी बटवा, मुठीत मावेल एवढा. ब्लाउजपीसमधून उरलेला हिरवा साटीन, त्यावर जरीची तार आणि सितारे. जुन्या भोपाळात बुधवाऱ्याला तिची शाळेतली मैत्रीण राहते, तिच्या अम्मींनी शिकवलंय. वाका, जवळून बघा. सुई खालून वर येते, सिताऱ्याच्या भोकातून जाते, तारेचा बारीकसा तुकडा ओवते, आणि पुन्हा त्याच भोकातून खाली. एक सितारा बसला. असे अजून पाऊणशे बसायचेत. बटव्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढल्या की तोंड चुण्या पडून मिटतं. आजींचा अडकित्ता, सुपारी आणि चर्चला टाकायची नाणी आता रुमालाच्या गाठीतून यात मुक्कामाला येणार आहेत. आजींना यातलं काही ठाऊक नाही. निदान ताईचा तरी तसा समज आहे.

धाकटा पलंगाखाली पोटावर पडून ग्रीटिंग कार्डं रंगवतोय. त्याचा मेंढपाळ उंटापेक्षा मोठा झालाय. बोलू नका काही.

दुपारी बाराला परात येते. पितळेची, एवढी मोठी की दारातून तिरकी करून आणावी लागते. ती या घरची नाही. शेजारच्या नागपूरच्या काकूंची आहे, दिवाळीला त्यांच्याकडे राबली, आता नाताळला इथे. परातीमागोमाग काकू. काकूंमागोमाग पलीकडची मल्याळी चेची, पदराखाली दोन नारळ घेऊन. सुट्टीहून येताना ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेले नारळ आहेत ते, भोपाळात असले कुठे मिळायला? मग मागच्या रांगेतली गोव्याची आंटी. मग पंजाबी भाभी, जिला यातलं काहीच येत नाही, पण लाटायला तिच्याइतकं जोर लावणारं कोणी नाही.

बघा, या वसाहतीत आठ-दहा वर्षांपूर्वी कोणीच कोणाला ओळखत नव्हतं. कारखाना उभा राहिला तशी माणसं आली, केरळातून, बंगालमधून, पंजाबातून, नागपूर-नगरहून. सासर दूर, माहेर दूर, काका-मामा पत्रात. करंजीला मुरड घालायला घरात जाऊबाई नाही, म्हणून मग शेजारीण. तेव्हा कोण कोणाचं हे इथे आडनावावरून कळत नाही. परातीभोवती कोण बसलंय ते बघायचं.

तुम्हीही बसा. बाह्या सरसावा. परातीत मैदा आहे, थोडा रवा, कडकडीत तुपाचं मोहन, अंडी, चिमूटभर मीठ आणि चेचीच्या नारळाचं दूध. आधी बोटांनी चोळायचं, मोहन सगळीकडे लागलं पाहिजे. मूठ दाबली तर मुटका व्हायला हवा. आता तिंबा. मनगट नाही, खांदा वापरा. पाच मिनिटांत स्वेटर काढाल, दहा मिनिटांत कपाळावर घाम येईल. आजी मधूनच अंगठा दाबून बघतात आणि म्हणतात, "अजून." भाभी हसते, तुम्हाला कोपराने बाजूला सारते आणि परातीसकट जमीन हलवते.

गोळा ओल्या फडक्याखाली मुरायला ठेवला, की ट्रंकेतून एक कंगवा निघतो. दचकू नका, केसांना कधी लागलेला नाही. नवाकोरा घेतला तो याच कामासाठी आणि वर्षभर पुडीत बांधून ठेवला. काट्याची पाठही चालते, पण कंगव्याचे दात बारीक, नक्षी सुरेख उठते. बोराएवढी गोळी घ्या. कंगव्यावर ठेवा. अंगठ्याने दाबत पसरा, पातळ, कागद नव्हे पण जवळपास. आता एका कडेपासून अलगद गुंडाळत सोडवा. हातात आला तो कुलकुल. शंख जणू, अंगावर ओळीने रेघा. शेवटची कड नीट दाबलीत ना? नाही? मग तेलात गेल्यावर तो उलगडेल आणि सगळ्यांना कळेल कोणाचा होता ते.

पहिले वीस तुमचे बोजड होतात. मग अंगठ्याला कळतं. मग तुम्हाला बघावंही लागत नाही, आणि नेमकं तेव्हाच गप्पा सुरू होतात. कोणाच्या दिराचं लग्न ठरलं, रेशनला साखर किती दिली, कोणाच्या नवऱ्याने रात्रपाळी बदलून घेतली. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत वळतं, मल्याळममध्ये फुटतं, आणि सगळ्या एकदम हसतात. तुम्हाला काही कळलेलं नसतं, तरी तुम्हीही हसता.

दुसऱ्या बाजूला करंज्या चालल्यात. आजींच्या हिशेबात करंजीवाचून नाताळ होत नाही. दिवाळीला शेजारी करतात, नाताळला आपण, आणि दोन्ही वेळा खाणारे तेच. सारणात किसून भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलची आणि मूठभर चारोळी. इथल्या जंगलातला माल आहे, भोपाळात ताजी मिळते. काकू कातण फिरवतात, आजी कातण बघून नाक मुरडतात. त्यांच्या मते करंजीला मुरडच हवी. चिमटीत कड घ्यायची, दुमडायची, पुन्हा चिमट. त्यांची बोटं शिवणयंत्राच्या वेगाने चालतात आणि नजर पूर्णवेळ तुमच्या कुलकुलांवर.

प्रायमस भडकलाय. त्याची घरघर एवढी की ओरडून बोलावं लागतं. चेची लोखंडी फुलाचा साचा लांब दांडीने तेलात धरून बसलीय. तापू द्यायचा, खूप. मग तांदळाच्या पिठाच्या, नारळाच्या दुधाच्या घोलात बुडवायचा, पण वरची कड बुडू द्यायची नाही. चर्र! पुन्हा तेलात, हलका झटका, आणि साच्यातून फूल सुटून तरंगायला लागतं. पहिली दोन-तीन चिकटतात, मोडतात, मुलांच्या वाट्याला जातात. म्हणून मुलं पहिल्या दोन-तिनांसाठीच तिथे दबा धरून बसलेली असतात. गरम तेल, वेलची, जिऱ्यातिळाचा वास, त्यावर रॉकेलची फोडणी. केसांना, स्वेटरला, पडद्यांना हा वास आठवडाभर राहील. तुमच्यासोबत तो तुमच्या काळापर्यंतही येईल, बघा.

रात्री सगळे गेल्यावर आजी तुम्हाला हाक मारतात. केकचं काम गर्दीत करायचं नसतं. लोखंडी कढईत साखर, पाणी नाही, काही नाही. मंद आचेवर ती आधी कडेने ओली होते, मग सोनेरी, मग तांबूस. छान वास सुटतो, कॅरमलचा, तुम्ही म्हणता झालं. "थांब." तांबूस गडद होते, फेस येतो, धूर निघतो, डोळे झोंबतात. तुम्ही म्हणता जळली! "जळू दे." अगदी काळी व्हायच्या आधी, त्या एका क्षणाला, आजी लांबून उकळतं पाणी ओततात आणि कढई फुत्कारते. मागे व्हा! धुराचा लोट छताला, आणि खाली कढईत काळाकुळकुळीत, कडवट-गोड रस. केकला रंग याचाच. यात आता नागपुरी संत्र्यांच्या पाकवलेल्या साली जातील, काकूंचा भाऊ करंडी घेऊन आला होता त्यातल्या. बारीक चिरलेला पेठा, मनुका, चारोळी, सुंठ, जायफळ, दोन लवंगा कुटून. मनुका आजींनी कोऱ्या चहात भिजवल्यात, कारण या घरात दारू येत नाही. आंटीच्या यजमानांनी मघाशी जाता जाता त्या भांड्यात चमचाभर काय ओतलं, ते तुम्ही पाहिलंत. आजींनीही पाहिलं. विषय संपला.

सोमवार. अंडी रवीने घुसळून घुसळून हात भरून आलेत, घोल डब्यांत भरलाय, आता प्रश्न भाजायचा. घरी ओव्हन कोणाकडेच नाही. ओव्हन शहरात आहे, आणि तो अख्ख्या शहराचा आहे. दोन डबे तुमच्या मांडीवर, दोन ताईच्या, आणि बस निघालीय जुन्या भोपाळकडे. प्रत्येक खड्ड्याला तुम्ही डबा उचलून धरता, घोल सांडू नये म्हणून. बाजूच्या आजोबांना राहवत नाही, ते तुमचा एक डबा स्वतःच्या मांडीवर घेतात. कोण, काय, विचारायची पद्धत नाही.

उतरा. आणि तयार राहा. पिपलानीतली शिस्तीची रांग विसरा, इथे गल्ल्या आहेत. टांग्याच्या घोड्याचा श्वास मानेवर येतो. अत्तर, शेण, कबाबाचा धूर, पानाचा कात, सगळं एकदम. चौकात जामा मशिदीचे लाल मिनार वर आणि खाली माणसांचा पूर. ईद नुकतीच उलटलीय, यंदा ती आणि नाताळ एकाच आठवड्यात आलेत, त्यामुळे सुक्या मेव्याच्या दुकानात अजूनही चेंगराचेंगरी आहे. परवापर्यंत ज्या खजूर-चारोळीचा शीरखुर्मा झाला, तीच उरलेली आज केकसाठी मोजली जातेय. दुकानदाराला त्याचं कौतुक नाही. तो फक्त विचारतो, "पाव किलो की आधा?"

बेकरी गल्लीच्या टोकाला आहे. आधी ती जाणवते, मग दिसते: थंडीत गाल आखडलेत आणि अचानक एका बाजूने ऊब. आत पाऊल टाका. काळोख, आणि काळोखात भट्टीचं केशरी तोंड. आत लाकडं तडतडतायत. घामाने चिंब झालेला, बनियनवरचा माणूस दोन माणसं लांब दांड्याचं फावडं आत सारतो, फिरवतो, बाहेर खेचतो, आणि फावड्यावर डझनभर नानकटाया. तुपाच्या वासाने भूक खवळते. तुम्ही पुढे सरकायला बघता.

"को खां, किधर घुसे जा रिये हो? लैन में आओ!"

आलं, भोपाळ आलं. रांगेत उभे राहा. पुढे एक बुर्केवाल्या खाला आहेत, लेकीच्या सासरी पाठवायच्या बिस्किटांचं सामान घेऊन. त्यांच्यापुढे रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबातला मुलगा, हातात केकचे तीन डबे. मैदा आपला, तूप आपलं, साखर आपली. बेकरीवाला घेतो ती फक्त भाजणावळ. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाने डब्याला खूण केलीय, कोणी खिळ्याने नाव कोरलंय, कोणी तार बांधलीय. आपल्या आजींचं शास्त्र वेगळं. घोलावरच तीन बदाम, एका रेषेत, आणि मधला आडवा. डबा हरवेल, म्हणतात, बदाम बोलतील.

वेळ आहे तर चहा घ्या. बेकरीवाल्यानेच मागवलाय. पहिला घोट घेऊन चमकलात ना? मीठ आहे त्यात, चिमूटभर. जुन्या भोपाळात असाच पितात. दुसरा घोट घ्या, तिसऱ्याला आवडेल. खाला वळून विचारतात, तुमच्याकडे काय बनतं बडे दिन को? ताई सांगते, कुलकुल, करंजी. करंजी म्हणजे? गुझिया! अच्छा! मग सारणात काय, तळता की भाजता, मुरड कशी, आणि बघता बघता भट्टीच्या धगीत दोन पिढ्यांच्या पाककृती बदलल्या जातात. फावडं पुन्हा बाहेर येतं. काळसर तांबूस चार केक, मधे किंचित तडकलेले, एका रेषेत तीन बदाम, मधला आडवा. डबा रुमालात धरा. रुमालातूनही पोळतोय. परतीच्या बसमध्ये मांडीवर तोच, आणि बसभर सगळे नाकाने तुमच्याकडे बघतायत.

मंगळवार, 24. आज बाप्यांचं काम. आजींच्या मुलाने, म्हणजे आपल्या काकांनी, बांबूच्या कामट्या तासल्यात, दोन त्रिकोण, एकावर एक, सुतळीने आवळून. मुलांनी मैद्याची खळ शिजवलीय, त्यात चिमूटभर मोरचूद, किडा लागू नये म्हणून. लाल, पिवळा पतंगी कागद ताणून चिकटवायचा. बोटाला बोट चिकटतं, कागद फाटतो, दुसरा आणा. आतल्या बाजूला सिगारेटच्या पाकिटांतली चांदी, वर्षभर जमवलेली. चांदणी सुरेख झालीय. काका आत बल्ब बसवतात, वायर ओढतात, बटण दाबतात आणि सगळ्या घरात अंधार! दिवसभर ट्रान्सफॉर्मरशी खेळणाऱ्या माणसाने घरचा फ्यूज उडवला. शेजारच्या तिन्ही घरांतून एकदम हशा. फ्यूजची तार घेऊन चौघं इंजिनिअर धावत येतात, त्यांतला एक मँचेस्टरला ट्रेनिंग घेऊन आलेला. चर्चा फार होते. तार शेवटी नागपूरच्या काकूच बसवतात.

गोठा अंगणात. वाटीत पेरलेला गहू वीतभर वाढलाय. कामवाली बाई बघून म्हणते, अरे, ही तर आमच्या भुजरियांसारखी! विटा, माती, सुकं गवत, वर पोत्याचं छप्पर. मारिया आहे, योसेफ आहे, बाळ रात्री बाराला येईल. मेंढपाळ मात्र कमी पडतात. मग काकूंचा मुलगा घरी पळतो आणि दिवाळीच्या किल्ल्यावरचे चार मावळे घेऊन येतो. ढाल-तलवार, पगडी, मिशा. आजी क्षणभर बघतात. "ठेव. एवढ्या लांबून आलेत तर राहू दे. राजा होता तिथला वाईट, बाळाला पहारा लागेलच की." बेथलेहेमच्या गोठ्यावर मावळ्यांची चौकी बसते.

सात वाजता रेडिओ. सगळे एकाच खोलीत, एकाच सेटभोवती. बातम्यांत सांगतात, तीन अमेरिकन माणसं आज चंद्रापाशी पोचलीत आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारतायत. खोली चिडीचूप. मग सगळा लोंढा अंगणात. पश्चिमेला चंद्रकोर लटकलीय, ईदच्या चांदाची तीच, आता जरा भरलेली. अख्खी रांग माना वर करून उभी आहे. धाकटा म्हणतो, मला दिसले! आजी शाल आवळत विचारतात, "आणि त्या लेकरांना तिथं नाताळाचं कोण देणार?" तुम्हाला ठाऊक आहे की त्यांच्या यानात टर्कीच्या जेवणाची पाकिटं ठेवलेली आहेत, रिबिनी बांधून. पण तुम्ही 1968 मध्ये आहात. गप्प राहा. आणि खरं सांगायचं तर पाकिटातल्या जेवणाचं आजींना काही कौतुक वाटलंही नसतं.

रात्री बस जहांगीराबादेत. आजींचं चर्च निराळं, पण मध्यरात्री त्या आंटी आणि चेचीबरोबर इथेच येतात. भोपाळच्या बेगमांच्या दरबारी मानाने वावरलेल्या बुर्बों घराण्याने उभारलेलं हे चर्च. मूळचे फ्रेंच, मुक्काम भोपाळ, बोली उर्दू. आत मेणबत्त्यांची ऊब आणि डांबरगोळ्यांचा वास, कारण सगळ्यांचे चांगले कोट आजच पेटीतून निघालेत. घंटा वाजली की एकच गलका. हस्तांदोलन, मिठ्या, "सलाम, सलाम", "हॅपी क्रिसमस", "मुबारक हो". कोणीतरी तुमच्या पाठीवर जोरात थाप मारतं. तुमची आणि त्याची ओळख नाही. तुम्हीही मारा.

आणि बुधवार! सकाळी सातपासून तुमची ड्यूटी एकच: ताटं. पितळी ताटात कागदाची झालर, त्यात चार करंज्या, मूठभर कुलकुल, दोन फुलं, केकचे दोन तुकडे. वर ताईने क्रोशाने विणलेला रुमाल. डाव्या हाताला चेचीकडे, उजव्या हाताला काकूंकडे, मागे आंटी, समोर भाभी, पलीकडे बंगाली दादा. एक नियम लक्षात ठेवा, या रांगेत ताट रिकामं परत येत नाही. काकूंकडून बोरकूट येतं, भाभीकडून पिन्नी, दादांकडून नोलेन गुडाचा संदेश, कलकत्त्याहून कालच आलेला. ताईच्या मैत्रिणीच्या घरून बुधवाऱ्याहून ईदच्या शेवया. तुम्ही दिलंत त्यापेक्षा आणलंत जास्त, आणि आजी कपाळाला हात लावतात, "आता हे कोण खाणार?" दुपारपर्यंत खाऊन संपतं.

टोपी बाळाला किंचित मोठी झालीय. चेची म्हणते, पुढच्या वर्षीपर्यंत चालेल. बटवा आजी हातात घेतात, उलटा करतात, टाके तपासतात, कारण कौतुकाआधी तपासणी ही त्यांची रीत. "हे पाठीमागनं कोणी शिकवलं तुला?" बुधवाऱ्याच्या अम्मींनी. "मग त्यांना करंज्या पाठव. मोठा डबा." ताईला मिळालेलं बक्षीस हेच. कमरेला खोचलेला जुना रुमाल निघतो, गाठ सुटते, नाणी एकेक करून बटव्यात पडतात.

रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, आणि तीन घरांची माणसं पुन्हा एकाच खोलीत. गाण्यांवरून भांडणं लागलीत, कोणतं वर जाणार, कोणतं उतरणार. त्याच गोंगाटात काकू परात घासून पुसून दारात उभी करतात आणि तुमच्याकडे वळतात. "संक्रांत वीस दिवसांवर आलीय. तीळ भाजायला तुम्ही. हात बरा बसलाय तुमचा." विचारलेलं नाही त्यांनी, सांगितलंय.

निघा आता, तुमची वेळ झाली. आजी ग्वाल्हेरच्या जे. बी. मंघाराम बिस्किटांचा एक जुना, चित्रांचा डबा तुमच्या हातात कोंबतात. झाकण उघडू नका, रस्त्यात संपेल. कुलकुलच आहेत, आणि त्यात तुमचा उलगडलेलाही आहे, मुद्दाम घातलेला. डबा मात्र परत पोचवायचाय. रिकामा चालणार नाही, नियम ठाऊक आहे तुम्हाला. तेव्हा घरी पोचलात की आधी कणीक, मैदा, गूळ काय आहे ते बघा, आणि शेजारची बेल वाजवा. परात लागेल.